निळी सावली

सावली कशी काढायची हे शाळेतच शिकून होतं. पेन्सिल आडवी धरायची आणि घासायची. सावली म्हणजे काळं, हे डोक्यात एकदा बसलं की बसलंच. ते हलवायला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'द मॅगपाय' पाहावं लागतं.

१८६८-६९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या नॉर्मंडीत, एत्रता गावाजवळ काढलेलं हे चित्र. सगळीकडे बर्फ, काटक्या विणून केलेलं कुंपण, डावीकडे फाटक आणि फाटकावर एकच काळा-पांढरा पक्षी, तोच मॅगपाय. बस. माणूस नाही, गोष्ट नाही. ऊन कुंपणाच्या पलीकडून येतंय, त्यामुळे सावल्या आपल्या दिशेने पसरल्यात. आणि त्या चक्क निळ्या आहेत!

कारण तसं साधंच. उन्हातल्या बर्फावर सूर्याचा पिवळसर उजेड पडतो. सावलीत तो पोचत नाही. तिथे उजेड येतो तो मोकळ्या आभाळाचा, म्हणजे निळा. मोनेने दिसलं ते लावलं. तरी १८६९ मध्ये सालोंने, म्हणजे पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाने, चित्र नाकारलं. (पांढऱ्यावर निळं, त्यात धड विषयही नाही, परीक्षकांची पंचाईत समजू शकते.) आता ते पॅरिसमध्येच, ओर्से संग्रहालयात आहे.

मोबाईलवर झूम करून त्यातला बर्फ बघा. निव्वळ पांढरा फारसा हाती लागत नाही. कुठे पिवळसर झाक, कुठे गुलाबी, मधेच करडं. ब्रशचे फटकारे घोटून गुळगुळीत केलेले नाहीत, तसेच राहू दिलेत. आपण मागे सरकलो की त्याच डागांचं ऊन होतं.

गाजलं मात्र मोनेचं १८७२ चं 'इम्प्रेशन, सनराइज'. १८७४ मध्ये मोने आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांनी भरवलेल्या प्रदर्शनात एका समीक्षकाने त्या नावावरूनच टवाळी केली आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे बिरुद सगळ्या मंडळींना चिकटलं. मला बर्फातला पक्षी जास्त आवडतो, पण 'सनराइज'मधली एक गंमत चुकवू नये. त्याचा फोटो मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करा. धुक्यातला तो नारिंगी सूर्य जवळपास गायब होतो! उजळपणात तो शेजारच्या आभाळाच्या बरोबरीचाच आहे. भोवती करडं-निळं आणि मधे नारिंगी, एवढ्याच जोरावर तो इतकी वर्षं तळपतोय.