माझा अनुभव : टाईप वनच्या पालकांचा ग्रुप आणि टेबलावर अडकलेला अर्ज

टाईप वन डायबेटिस असलेल्या मुलांच्या पालकांचा आमचा कोल्हापूरचा व्हॉट्सॲप ग्रुप आता व्यवस्थित चालतो. असा ग्रुप आपल्या गावात कसा काढायचा हे विचारायला सांगली-बेळगावकडून फोन येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. पण एका अर्जापायी जे हेलपाटे घातले त्याचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा जास्त त्याबद्दलच लिहिलं जाणार.

ग्रुप सुरू व्हायला काहीच लागलं नाही. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला, मेडिकलमध्ये माल येईना. इन्सुलिन कुणाकडे शिल्लक आहे हे विचारता विचारता आम्ही काही आया एकत्र आलो आणि पाणी ओसरल्यावरही ग्रुप तसाच राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये हायवे पुन्हा बंद पडला, तेव्हा कुणाच्या फ्रिजमध्ये किती कुप्या आहेत याची यादी आमच्याकडे तयार होती. पुढे गडहिंग्लज, गारगोटी, शिरोळकडची माणसं ओळखीओळखीतून येत गेली.

अडलं ते नव्या पालकांपर्यंत पोचताना. मुलाला सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरलेलं; घरचे म्हणतात उन्हाळा आहे, जंत झाले असतील. मग उलट्या, धाप, आणि थेट आयसीयू. इन्सुलिनअभावी रक्तात केटोन नावाची आम्लं वाढून मूल निपचित पडल्यावरच निदान होतं, असं आपल्याकडे पुष्कळ घरांत घडतं. डिस्चार्ज मिळताना हातात इन्सुलिन, सिरिंजा, ग्लुकोमीटर आणि आहाराचा तक्ता. घरी पाय ठेवला की आजी म्हणणार, "एवढ्याशा पोराला कसली गं शुगर?" आणि त्याच सुमाराला, पावडरने शुगर बरी करतो म्हणणारा पावडरवाला येतो.

हा पावडरवाला कसा यशस्वी होतो ते प्रत्येक पालकाला कळलं पाहिजे. इन्सुलिन सुरू झाल्यावर बऱ्याच मुलांचं स्वादुपिंड काही आठवडे, कधी काही महिने, पुन्हा थोडं काम करायला लागतं. इन्सुलिनचा डोस उतरतो. डॉक्टर याला हनीमून पिरियड म्हणतात आणि तो संपतोच. पण नेमकी त्याच काळात कुणीतरी पावडर सुरू करून दिलेली असते, मग सगळं श्रेय पावडरला. "बघा, वीस युनिटवरून सहावर आलं, आता बंदच करा." टाईप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. त्या पेशी पावडरने परत येत नाहीत. १९२२ साली माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी ही मुलं जगतच नसत. इन्सुलिन बंद केलं की मूल पुन्हा आयसीयूत, आणि दर वेळी ते तिथून परत येईलच असं नाही.

म्हणून ठरवलं की मुलं जिथे दाखल होतात तिथेच आईबापांना गाठायचं. बालरोग विभागाबाहेर एक साधा कागद लावायचा : "तुमच्या मुलाला टाईप वन डायबेटिस आहे? इथले पालक तुमच्याशी बोलतील." खाली एक नंबर. एवढंच.

शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कार्यालयात मी अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या बाबूंनी तो वाचायच्या आधीच विचारलं, "संस्था कुठली?" म्हटलं, संस्था नाही, पालक आहोत. "मग रजिस्ट्रेशन नंबर? लेटरहेड?" दोन्ही नाही. "असं कसं चालेल बाई, उद्या कोणीही येऊन कागद चिकटवेल." अर्ज ठेवून घेतला, पण पोच देईनात. पोच मिळेपर्यंत मी खिडकीवरून हलले नाही. हे आत्ताच सांगून ठेवते : अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पुढे माझा अर्ज "सापडत नाही" असं सांगण्यात आलं, तेव्हा त्या शिक्क्यावरच तो सापडला.

पुढच्या खेपेला साहेब मिटिंगला. त्यानंतर साहेब रजेवर. मग साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांसमोर फाईल गेलेलीच नव्हती. दर वेळी सुट्टी टाकून, लेकाच्या शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या इन्सुलिनची सोय शेजारच्या काकींवर सोपवून मी जायची आणि बाकावर बसून यायची. कुणी संस्था नोंदवा म्हणायचं. म्हणजे १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद, घटना, ठराव, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालय, आणि दर वर्षी हिशेब. आमच्याकडे वर्गणी नाही, देणगी नाही, एक रुपया फिरत नाही. हिशेब कसले देणार? पैसे गोळा करणार असाल तर नोंदणी जरूर करा. नसाल तर एका कागदासाठी त्या फेऱ्यात पडू नका, असं माझं ठाम मत आहे.

एक प्रश्न मात्र योग्य होता : "ग्रुपवर कोणी भलतंसलतं लिहिलं तर जबाबदार कोण?" सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. ते मी सांगितलं, पण त्याच्या आड लपले नाही. आमचे नियम छापून अर्जाला जोडले आणि प्रत्येक ॲडमिनने त्याखाली सही केली.

त्याच आवारात, गाड्या लावायच्या जागेशेजारच्या भिंतीवर, एक हिरवं पत्रक चिकटवलेलं होतं. "शुगर मुळापासून बंद. इंजेक्शनपासून सुटका." खाली मोबाईल नंबर. कोपरे पावसाने सुटले होते, म्हणजे बरेच दिवस तिथे होतं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ते पत्रक रोज येता-जाता दिसणाऱ्या भिंतीवर राहतं आणि आयांचा कागद आवक-जावकमध्ये पडून राहतो, हे बघून माझे हातपाय थरथरले. पत्रकाचा फोटो काढून तोही अर्जाला जोडला.

सुटका झाली ती वॉर्डातल्या एका सिस्टरमुळे. म्हणाल्या, "ताई, अर्ज थेट ऑफिसला कशाला देताय? आमच्या मॅडममार्फत पाठवा. आणि विषयात संस्था, ग्रुप, असलं काही लिहू नका. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीफलक, असं लिहा." अर्ज नव्याने लिहिला, विभागप्रमुखांनी दोन ओळींची शिफारस केली, आणि इतके महिने हलत नसलेली फाईल आठवड्यात सही होऊन आली. कागद मी स्वतः लावला, चारही कोपऱ्यांना टेप. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, आनंदानेच. तुम्ही पहिल्यापासून विभागामार्फतच जा.

आता नियमांबद्दल, कारण ग्रुप टिकतो तो त्यांच्यावरच. आमच्याकडे डोसचा आकडा लिहायला बंदी आहे. सुरुवातीला लोक नाराज झाले : "अनुभव सांगितला तर काय बिघडलं?" बिघडतं. आपल्याकडे कुपी दोन ताकदींत मिळते, एका मिलीलीटरला ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही वेगळी, लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० च्या कुपीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत भरलंत तर लेकराच्या अंगात पंचवीस युनिट जातात. पुरात इन्सुलिनची अदलाबदल करताना हे सगळ्यात आधी तपासायचं. तेव्हा आकडा फक्त डॉक्टरांचा.

शुगर लो झाल्याचा मेसेज आला तर मात्र कुणीही लगेच उत्तर द्यायचं : ७० च्या खाली असेल आणि मूल शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. उलट्या आणि धाप असेल तर ग्रुपवर चर्चा नाहीच, सरळ हॉस्पिटल. आणि मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही.

पावडरवाले पालक बनून ग्रुपमध्ये घुसतात आणि नंबर उचलून नव्या आयांना खाजगीत गाठतात. म्हणून कुणालाही घ्यायच्या आधी आम्ही फोन करतो आणि सहज विचारतो, सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे? घरात रोज टोचणारी आई झटकन सांगते. सेटिंगमध्ये नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं करून ठेवा. मुलांचे फोटो आणि नावं नकोत, मुलींच्या आयांना पुढच्या लग्नाची धास्ती असते आणि ती धास्ती आपण मानलीच पाहिजे.

आणखी एक. परवानगीची वाट बघत बसू नका, तोवर इन्सुलिन ठेवणाऱ्या मेडिकलवाल्यांना गाठा. डिस्चार्जनंतर प्रत्येक आईबाप त्यांच्या फ्रिजपर्यंत येतातच. राजारामपुरीतल्या आणि गावाकडच्या काही दुकानदारांनी आमच्या चिठ्ठ्या शुगर तपासायच्या स्ट्रिपच्या डब्यासोबत आनंदाने दिल्या. चिठ्ठीवर ग्रुपची लिंक छापू नका, ती कुणाच्याही हातात जाते. एका ॲडमिनचा नंबर छापा, आणि रात्री दोन वाजताही फोन उचलेल अशाच ॲडमिनचा छापा.