७ मुलांवरून १२ मुलांवर : फेअरफॅक्स काउंटीत पाळणाघराचा परवाना काढताना

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घरी पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकीला दोन आकडे पाठ असतात, ७ आणि १२. तुमचं स्वतंत्र घर असेल तर स्वतःची मुलं सोडून ७ मुलांपर्यंत सांभाळायला जाहीर सुनावणी लागत नाही. टाउनहाउस, म्हणजे शेजारच्या घराला भिंत जोडलेलं घर असेल तर हाच आकडा ५ होतो. त्यापुढे १२ पर्यंत जायचं असेल तर बोर्ड ऑफ झोनिंग अपील्स या जमीनवापराच्या प्रकरणांची सुनावणी घेणाऱ्या मंडळासमोर उभं राहून स्पेशल परमिट, म्हणजे खास परवानगी, मिळवावं लागतं. राज्याचा बालसंगोपनाचा परवाना ही यापेक्षा वेगळी गोष्ट. राज्य मुलांच्या वयाप्रमाणे गुण मोजतं: सव्वा वर्षापर्यंतच्या बाळाचे ४, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत ३, दोन ते चार वर्षांच्या मुलाचे २, पाच ते नऊ वर्षांच्याचा १, आणि सांभाळणाऱ्या एका माणसाकडे १६ गुणांपेक्षा जास्त मुलं नकोत. म्हणजे राज्य बघतं की मूल सुरक्षित आहे का. काउंटीचा प्रश्न निराळा असतो: हे घर, ही गल्ली, हा शेजार एवढं सगळं पेलेल का?

माझ्याकडे ७ मुलं होती आणि प्रतीक्षायादीत त्याहून जास्त. त्यात आपल्या मंडळातली मराठी कुटुंबं, तेलुगू, कोरियन, एल साल्वादोरमधून आलेली. दोघंही नोकरी करणारे, आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन परत गेलेले. ‘ताई, काहीतरी करा ना,’ असं रोज कुणीतरी म्हणायचं. मदतीला एक बाई ठेवून १२ मुलं घेणं मला सहज जमण्यासारखं होतं. म्हणून अर्ज केला. त्या सगळ्या वाटेवर या प्लॅनिंग खात्याचं काम इतकं जवळून दिसलं की ते लिहून ठेवावंसं वाटतं. आपल्याकडच्या अनेक जणींना ‘झोनिंग’ (कुठल्या जमिनीवर काय करता येईल याचे नियम) हा शब्दच घाबरवतो.

पहिला फोन मी झोनिंगच्या चौकशी विभागाला केला. तिथल्या बाईंनी घराचा पत्ता विचारला आणि सांगितलं, तुमचं घर आर-सी, म्हणजे ‘रेसिडेन्शियल-कॉन्झर्वेशन’ (निवासी-संवर्धन) झोनमध्ये आहे, शिवाय त्यावर दोन आच्छादनं, म्हणजे मूळ झोनवर चढवलेले जादा नियम आहेत, एक पाणीसाठा संरक्षणाचं आणि एक विमानतळाच्या आवाजाचं. आवाजाचं लगेच समजलं, कारण डलस विमानतळ जवळच आहे. पण पाव एकराच्या आमच्या प्लॉटवर, जिथे घरं इतकी जवळजवळ आहेत, तिथे ‘रेसिडेन्शियल-कॉन्झर्वेशन’ कशासाठी?

याचं उत्तर १९८२ सालात आहे. काउंटीच्या दक्षिणेला ऑकोक्वान नावाचा जलाशय आहे, आणि इथल्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तिथून येतो. वॉशिंग्टनची उपनगरं पसरत चालली तसं छपरांवरचं, रस्त्यांवरचं पाणी तेल-माती घेऊन त्या जलाशयात उतरायला लागलं. तेव्हा काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी पाणलोटातल्या सुमारे ४१,००० एकर जमिनीवर पाच एकराला एकच घर असा नियम लावला. जमीनमालक न्यायालयात गेले, निर्णय टिकला. आमच्यासारख्या आधीच मंजूर झालेल्या वस्त्या त्या पट्ट्यात तशाच राहिल्या, पण नकाशावर झोन बदलला. मी इतकी वर्षं या घरात राहते, नळाचं पाणी पिते, आणि त्या पाण्यासाठी कुणीतरी एवढा मोठा वाद अंगावर घेतला होता हे मला पाळणाघराच्या अर्जामुळे कळलं. मला तो निर्णय फार धाडसाचा वाटतो. ज्या जमिनीला सोन्याचा भाव येणार हे दिसत होतं, तिथे ‘नको’ म्हणायचं, तेही पुढच्या पिढ्यांच्या पाण्यासाठी.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यात घराचा प्लॅट, म्हणजे मोजणीचा नकाशा, घराच्या आतल्या खोल्यांचा आराखडा, फोटो, मालकीबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि ‘हे तुम्हाला का हवं आहे’ याचं निवेदन लागतं. पाळणाघरासाठी फी इतर स्पेशल परमिटपेक्षा बरीच कमी ठेवलेली आहे, आणि नवा महागडा सर्वेही करावा लागत नाही, घर घेतानाच्या प्लॅटवर कुंपण, खेळायची जागा, गाड्यांची जागा दाखवली तरी चालतं. ही सवलत छोटी वाटेल, पण पाळणाघरं चालवणाऱ्या बहुतेक जणी माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बायका आहेत. सर्वेअरच्या खर्चातच त्यांचा धीर सुटला असता.

अर्ज स्वीकारला गेला की काउंटीचा एक प्लॅनर, म्हणजे नियोजन खात्यातला कर्मचारी, तुमच्या फाइलला नेमला जातो. माझ्या वाट्याला आलेला मुलगा तरुण होता, पण बोलणं मुरलेलं. निवेदनात मी मुलांबद्दल भरभरून लिहिलं होतं, त्यांचा दिवस, जेवण, गाणी. त्याने ते नीट वाचलं आणि म्हणाला, ‘हे सगळं छान आहे, ते राहू द्या. पण बोर्डाला गाड्यांबद्दल सांगा. कोण किती वाजता येतं, गाडी कुठे थांबते, किती मिनिटं थांबते.’ मग मी प्रत्येक कुटुंबाचं यायचं-जायचं वेळापत्रक बनवलं. दोन घरांतली भावंडं एकाच गाडीतून येणार होती, एक आई बाबागाडी ढकलत चालत येते, उरलेल्यांना साडेसात ते नऊमध्ये वाटून दिलं. कागदावर उतरल्यावर दिसलं की एका वेळी दोनपेक्षा जास्त गाड्या कधीच नसतील.

ड्राइव्हवे रुंद करून घेऊ का, असंही मी त्याला विचारलं होतं. नवऱ्याने ठेकेदाराकडून दरही काढून आणला होता. प्लॅनर म्हणाला, गरज नाही, आणि तुमच्या झोनमध्ये तर नकोच. नवं डांबर म्हणजे पाणी मुरायची जागा कमी. वेळा वाटून घ्या, जमीन झाकू नका. ऑकोक्वानचा निर्णय थेट माझ्या अंगणापर्यंत कसा येतो हे मला त्या एका वाक्यात समजलं. काउंटीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन नावाचा मोठा दस्तऐवज आहे. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे तो प्रत्येक काउंटीला करावाच लागतो आणि दर पाच वर्षांनी त्याचा आढावा घ्यावा लागतो. काउंटीतल्याच टायसन्स भागात मेट्रो स्टेशनांभोवती उंच इमारती उभ्या करायच्या हे त्यात २०१० साली ठरलं, ॲनंडेलसारख्या जुन्या बाजारपेठांना नवी उभारी द्यायची हेही त्यात आहे. दाटी स्टेशनाजवळ वाढवायची आणि पाणलोटात होऊ द्यायची नाही, असा तो हिशेब आहे. आमचं प्रकरण त्या मानाने किती बारीक! तरी प्लॅनरने अहवालात लिहिलं की हा वापर त्या प्लॅनशी सुसंगत आहे, आणि का, तेही.

मग तपासणी. मुलं दुपारी बेसमेंटमध्ये झोपतात, म्हणून तिथल्या खिडकीची मापं घेतली गेली. आगीच्या वेळी बाहेर पडता यावं यासाठी खिडकीची तळकड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको, आणि उघडी जागा किमान ५.७ चौरस फूट हवी. ती खिडकी आम्ही बेसमेंट करतानाच रीतसर परमिट घेऊन बसवली होती, त्याचा कागद दाखवला. विजेच्या पॅनेलसमोर ३६ इंच मोकळी जागा हवी म्हणून दिवाळीच्या सामानाचे खोके दुसरीकडे गेले. ज्यांच्या बेसमेंटला अशी खिडकी नाही त्यांनी अर्जाआधी हा खर्च मनात धरावा. माझ्या ओळखीत याच एका कारणाने एकीचं काम लांबलं.

सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी घरासमोर पिवळा फलक लागतो आणि आजूबाजूच्या मालकांना पत्रं जातात. तो फलक लागला तेव्हा पोटात गोळा आला होता. येणारा-जाणारा थांबून वाचतो. प्लॅनर मात्र नोटिशीच्या तारखांबद्दल फार काटेकोर होता, आणि त्याला कारणही तसंच. फेअरफॅक्सने २०२१ साली आपला संपूर्ण झोनिंग कायदा नव्याने लिहून मंजूर केला होता. पण ती बैठक करोनाकाळात ऑनलाइन झाली होती. २३ मार्च २०२३ रोजी व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अख्खा कायदा रद्द ठरवला, कारण अशा विषयासाठी तशी बैठक घेण्याची मुभा नव्हती. मे महिन्यात समोरासमोर सुनावणी घेऊन तो पुन्हा मंजूर करावा लागला. लोकांना समोर येऊन बोलता आलं पाहिजे, ही गोष्ट इथे इतकी पक्की धरली जाते.

आपल्याकडेही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद आहेच. साताऱ्याला माझ्या वडिलांनी विकास आराखड्यावर एकदा हरकत घातली होती, ती ओळखपत्रासारखी जपून ठेवलेली पोचपावती मी लहानपणी पाहिली आहे. हरकत घेणारा माणूस शत्रू नसतो हे त्यांच्याकडून ऐकलेलं, आणि इथे ते माझ्या बाजूने निभवायची वेळ आली.

कारण हरकत आली. समोर राहणारे निवृत्त गृहस्थ, मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांनी काउंटीला लिहिलं की ही बंद टोकाची गल्ली आहे, पत्नीची तब्येत बरी नसते, ॲम्ब्युलन्स अडली तर जबाबदार कोण? पत्र वाचून वाईट वाटलं, पण त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी ते पत्र प्लॅनरकडे घेऊन गेले आणि विचारलं, यांची काळजी मिटेल अशी अट घालता येईल का? तिथून खरं काम सुरू झालं. मुलांना सोडणं-नेणं फक्त ड्राइव्हवेमध्ये, रस्त्यावर नाही. ड्राइव्हवे त्या वेळांना मोकळा ठेवायचा, आमच्या स्वतःच्या गाड्या गॅरेजमध्ये. मदतनीस बाईंची गाडीही आमच्याच जागेत.

सुनावणी बुधवारी सकाळी, गव्हर्नमेंट सेंटरमध्ये. या बोर्डाचे सात सदस्य असतात आणि त्यांना काउंटी नेमत नाही, सर्किट कोर्ट नेमतं. प्लॅनरने अहवाल वाचला, अटींसह मंजुरीची शिफारस केली. मी बोलले. मग आजोबा बोलले, तीन मिनिटं, शांतपणे. एका सदस्याने मला विचारलं, एखादा पालक रस्त्यावर थांबलाच तर काय कराल? मी सांगितलं की प्रवेशाच्या करारातच ही अट लिहिते, आणि वारंवार मोडली तर त्या कुटुंबाला दुसरी सोय बघायला सांगेन. हे बोलताना मला त्या आयांचे चेहरे आठवत होते, पण ते म्हणणं आवश्यक होतं आणि मनापासून होतं. परमिट मंजूर झालं.

आजोबांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे अटींची एक प्रत मागितली. दिली. आता त्यांच्याकडे कागद आहे, आणि काही चुकलं तर तक्रार कुठे करायची हेही ठाऊक आहे. हा त्यांचा हक्क आहे आणि तो त्यांच्याकडे असल्यामुळे मलाच निर्धास्त वाटतं. झोनिंगवाले परवानगी देतात किंवा नाकारतात, एवढंच मी आधी समजत होते. प्रत्यक्षात त्यांचा बहुतेक वेळ या दोन टोकांच्या मधल्या जागेत जातो: कोणत्या अटी घातल्या तर १२ मुलं आणि एक आजारी बाई एकाच गल्लीत सुखाने राहतील.

परमिटची प्रत दारापाशी लावलेली आहे, तशी अटच असते. त्यावर मुलांची संख्या, वेळा, मदतनिसाचे तास सगळं स्पष्ट आहे. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या: हे परमिट माझ्या नावावर आहे, घराच्या नाही. घर विकलं तर नव्या मालकिणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. शिवाय एचओएची (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेची) परवानगी स्वतंत्र, काउंटीच्या परमिटने ती आपोआप मिळत नाही. राज्याच्या परवान्यातली संख्या वाढवायचा अर्जही त्यानंतर वेगळा करावा लागतो. २०२१ पासून ते काम राज्याच्या शिक्षण खात्याकडे आहे.

ॲशबर्नच्या एका मैत्रिणीने माझी सगळी फाइल मागितली. दिली, पण सांगितलं की तिची काउंटी लाउडन, तिथला झोनिंग कायदा वेगळा, आकडे वेगळे. वेळापत्रकाचा कागद तेवढा माझ्यासारखाच बनव, आणि पैसे खर्च करण्याआधी तुझ्या काउंटीच्या झोनिंग चौकशीला फोन करून आधी एवढंच विचार, माझ्या घराचा झोन कोणता आणि त्यावर आणखी काय काय आहे.