मावससासूबाईंचं 'पानी'

शिकवताना मी इतक्या जणांचे आवाज का ऐकवते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्यात मी परदेशी मंडळींना मराठी शिकवते. 'वेल' आणि 'वेळ' यांतला फरक शिकवताना माझ्या एकटीच्या उच्चारावर भागवत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी, भाजीवाले काका, माझी भाची अशा सात-आठ जणांचं रेकॉर्डिंग ऐकवते. दर बॅचला कुणीतरी म्हणतंच, "ताई, तुमचं बोलणं इतकं स्पष्ट, मग इतके आवाज कशाला?"

माझा एकटीचा आवाज ऐकलात तर 'माझा ळ' तेवढा शिकाल. जपानी माणसांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येणं अवघड जातं. त्यांच्यावर अमेरिकेत लाइव्हली, लोगन आणि पिसोनी या संशोधकांनी केलेलं काम १९९३ साली प्रसिद्ध झालं. एकाच माणसाच्या आवाजावर शिकलेले लोक त्या आवाजापुरते सुधारले, नवा माणूस बोलायला लागला की अडखळले. अनेकांच्या आवाजांवर शिकलेल्यांना मात्र अनोळखी आवाजातही ते जमलं. अलीकडच्या काही प्रयोगांत हा फायदा इतका ठळक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. तरी माझ्या वर्गात मी तो वर्षानुवर्षं पाहते आहे.

दुसरा प्रश्न एका जर्मन मुलीचा, आपल्याकडे सून म्हणून आलेली. फोनवर सासूबाई बोलताहेत की मावससासूबाई, हे तिला कळेना. "माझा कानच वाईट आहे का?" हे विचारताना तिचे डोळे भरले होते.

कान वाईट नसतो हो. आवाज ओळखणं म्हणजे नुसती पट्टी ओळखणं नव्हे. कोण 'श' कसा सोडतं, कोण 'च' जिभेच्या टोकावर आणतं, हेही आपण नकळत टिपत असतो. पण त्यासाठी मूळ ध्वनी मनात पक्का बसलेला लागतो. २०११ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्रजी भाषकांना इंग्रजी आणि चिनी बोलणारे आवाज ओळखायला लावले. इंग्रजीतले आवाज त्यांना जास्त चांगले ओळखता आले. ज्यांना डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण होती, त्यांना मात्र स्वतःच्या भाषेचा हा फायदा मिळाला नाही. शब्दांतले ध्वनी आणि माणसाचा आवाज यांची गाठ किती आत बसलेली असते! हे वाचलं तेव्हा मी त्या मुलीला लगेच फोन केला होता.

त्यानंतर पाचेक महिने आम्ही 'ण' घोटला. पाणी, लोणी, कोण, मन आणि मण. तिच्या मावससासूबाई अकोल्याकडच्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या. एके दिवशी वर्गात येताच ती म्हणाली, "काल फोन मावशींचा होता. मी लगेच ओळखलं. त्या 'पानी' म्हणाल्या."