लंगडा मोर

गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यातली बरीच मुलं मोरजाई देवीला जातात, पण मोरजीच्या त्या देवळातली कावी कला पाहायला कोणी थांबत नाही. म्हणून चौथीच्या वर्गाला त्या भिंतींचे फोटो आधी टॅबवर मोठे करून दाखवले. ओल्या चुन्यावर काव, म्हणजे लाल मातीचा रंग, थापायचा आणि तो सुकायच्या आत टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. भित्तिचित्रात रंग चढवतात, इथे तो काढतात.

वर्गात चुना कुठला आणणार? जाड कागदावर पांढरा मेणखडू घासला आणि वर कावेचं पाणी फासलं. ते थेंब थेंब होऊन ओघळलं. माझी पंचाईत! मागच्या बाकावरून सल्ला आला, "बाई, भांड्यांचा साबण घाला." घातला, थोडा डिंकही घातला, आणि रंग बसला. (तयारी करताना हे मला सुचलं नव्हतं, कबूल.) कोरायला लिंबाचे काटे.

अर्ध्या तासाने एक मुलगी रडकुंडीला आली. "बाई, मोराचो पांय मोडलो!" काटा घसरून पायावरून आरपार रेघ गेली होती. तिने सरळ विचारलं, "टॅबवर असतं तसं मागे जायचं बटण ह्यात नाही?" नाही म्हटलं. मग टॅबवर चित्राचा फोटो काढला. टॅबवर ती रेघ पुसता आली असती. मी तसं दाखवलंही. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, नको. मग फोटो आरशासारखा उलटवून शेजारी जोडला, कावीतल्या जोडनक्षीसारखा. आता दोन्ही मोर लंगडे. वर्ग खो खो हसला, तीही हसली.

नुकताच पौष संपला होता, धालोची, म्हणजे पौषात बायका फेर धरून नाचतात त्याची, गाणी सगळ्यांच्या कानात होती. प्रत्येकाने आपल्या चित्रावर ओवी जुळवायची होती. बहुतेकांनी फुलाला मुलाचं यमक जुळवून सुटका करून घेतली. तिने लिहिलं:

मोराच्या पायाला, लागला गं काटा
काढू कसा बाई, माझाच तो होता

काटा-होता हे यमक मी दुरुस्त करणार होते. पेन खाली ठेवलं.

तिच्या आवाजात ओवी रेकॉर्ड केली, चित्राला जोडली आणि पालकांच्या गटावर टाकली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच ती दारात उभी.

"बाई, आजीने ऐकलं. ती म्हणते, चाल चुकली. परत रेकॉर्ड करूया?"