हात त्याचा नाही

शुक्रवार, रात्री उशिरा

"हा हात त्याचा नाही." धाकटा एवढंच बोलला आणि झोपायला गेला. बर्सर्क या जपानी मांगाचा, म्हणजे कॉमिक्सचा, नवा चॅप्टर, त्यात नायक गट्सची वळलेली उजवी मूठ. मूळ चित्रकार केंतारो मिउरा आता नाही, चित्रं त्याचे असिस्टंट्स काढतात. मला रागच आला. खरं तर राग यायला नको होता, कारण मिनिटभर आधी माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. मी बोलले नव्हते इतकंच.

तेव्हापासून ती मूठ बघत बसले आहे. शोधायला बसलं की सापडतंच. मिउराची रेघ जोरात सुटायची. सुरुवातीला जाड, मग निमुळती होत होत कागदातच विरायची, तिला शेपटी असायची. झटक्यात मारलेल्या रेघेलाच अशी शेपटी येते. दुसऱ्याचं वळण गिरवताना हात सावध होतो, वेग पडतो, आणि रेघ शेवटपर्यंत सारख्याच जाडीची राहून कापल्यासारखी संपते. इथे अंगठ्याच्या मुळाशी सात-आठ बारीक रेघा आहेत. एकमेकींना समांतर, अंतर मोजून घेतल्यासारखं. त्या स्नायूवरून वळून पलीकडे जायला हव्या होत्या. नुसत्या वर अंथरल्यासारख्या दिसतात.

पण बघतेय कशावर? फोनवर. तेही कुणीतरी मासिकाच्या पानाचा घाईत काढलेला फोटो. दर वेळी हे असंच होतं. आधी दोन ओळींचा सारांश फुटतो, मग अंधुक फोटो, मग स्वच्छ जपानी पानं, सगळ्यात शेवटी भाषांतर. आणि मतं मात्र फोटोवरच ठरून जातात. मासिकाचा कागद हलका, मागच्या पानाची शाई पुढे दिसते, फोटोत गडद काळा राखाडी होतो. करड्या छटेचे टोन म्हणजे बारीक ठिपके. चित्र लहान केलं की ते स्क्रीनच्या चौकटींशी भांडतात आणि आकाशात नसलेल्या लाटा उमटतात. दोन पानांवर पसरलेलं चित्र फोनवर अर्धं अर्धं येतं, आणि मांगा उजवीकडून वाचतात, तेव्हा डावीकडचं आधी उघडलं तर उलटंच. पुस्तक हातात आलं की निम्म्या तक्रारी विरतात, हे मिउरानंतरच्या पहिल्या, ४२व्या व्हॉल्यूमच्या वेळी बघितलेलं आहे.

तरी ती मूठ. ती कागदावरही अशीच दिसेल, असं आत कुठेतरी वाटतंच आहे.

किती वाट बघितली आम्ही! गोष्ट जहाजावरच अडकलेली ती वर्षं, मग ४०वा व्हॉल्यूम २०१८ला, आणि ४१वा आला तो डिसेंबर २०२१मध्ये, मिउरा जाऊन सात महिने झाल्यावर. ६ मे २०२१. चोपन्न वर्षांचा होता. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महारोहिणी, फाटली. आम्हाला कळलं २० तारखेला, म्हणजे चौदा दिवस आम्ही पुढचा चॅप्टर कधी येणार म्हणून कुरकुरत होतो आणि तो नव्हताच. हे आजही आठवलं की… जाऊ दे.

मूठ.

मांगा काढताना कामाची वाटणी साधारण ठरलेली असते. कच्चा आराखडा आणि पात्रांचे चेहरे-हात मूळ चित्रकाराचे. मागची झाडं, भिंती, काळं भरणं, टोन लावणं असिस्टंट्सचं. म्हणजे आता चित्रं काढणारे स्टुडिओ गागातले लोक आज नव्याने आलेले नाहीत. मिउराच्याच टेबलाशेजारी बसणारे आहेत. जंगल बघून "हात त्याचा नाही" असं कुणी म्हणत नाही, कारण जंगलात त्यांचे हात आधीपासूनच होते. अडतं ते चेहऱ्यावर आणि बोटांवर. जिथे त्यांनी कधी पेन टेकवायचं नव्हतं, तिथेच आता रोज टेकवावं लागतं. त्या सात-आठ रेघा मोजून का मारल्यात ते आता मला दिसतंय. त्या माणसाचा हात भीत होता.

वेगाबद्दलही धाकट्याची कुरकुर असते. चॅप्टर सुरू होतो न होतो तोच संपतो, पक आणि इसिद्रो ही गमतीची पात्रं, पण पकची बडबड नाही, इसिद्रोची भांडणं नाहीत. पण जून २०२२मध्ये पुन्हा सुरुवात करतानाच मिउराचा मित्र कोजी मोरी याने स्वतःचा नियम सांगून ठेवला होता. मिउराने सांगितलं तेवढंच लिहीन, नीट आठवत नाही ते घालणार नाही, फुगवणार नाही. शेवटापर्यंतची गोष्ट त्याने जवळजवळ तीस वर्षांपूर्वी मित्राच्या तोंडून ऐकलेली. मित्राला गोष्ट सांगताना कुणी कणा सांगतो, पकचे विनोद थोडेच सांगत बसतो? ते विनोद मिउराला पान काढतानाच सुचत असणार. मोरीला ते सहज रचता आले असते. ज्ञानेश्वरीत भर घालणाऱ्यांना एकनाथांनी बजावलं होतं, अमृताच्या ताटात नरोटी ठेवायची नाही. हे मोरीला तिकडे जपानात बसून उमगलं. श्रेयाच्या ओळीतही सगळं उघड आहे. मूळ कथा मिउरा, चित्रं स्टुडिओ गागा, देखरेख कोजी मोरी. त्यांनी "हा त्याचा हात आहे" असं कधी म्हटलंच नाही. ती अपेक्षा माझी होती.

मघाशी ३६४वा चॅप्टर पुन्हा उघडला. मिउराचा शेवटचा. सप्टेंबर २०२१चा तो अंक. चंद्राच्या रात्री येणारा तो मुलगा, मग त्याच्याच जागी ग्रिफिथ, गट्सचा मित्र आणि मग शत्रू झालेला, डोळ्यातलं पाणी, आणि समोर गट्स. त्या पानावर आम्ही सगळे रडलो, मोजमाप कुणीच केलं नाही. आणि ती पानंसुद्धा स्टुडिओतल्या लोकांनी हातभार लावून पुरी केलेली आहेत! त्यातली कुठली रेघ कुणाची, हे इतक्या वेळा वाचूनही मी कधी विचारलं नव्हतं. आत्ता विचारतेय आणि सांगता येत नाही. रेघेला शेपटी आहे की नाही, हे बघायला गेले तर डोळे भरून आले, आणि पान पुसट झालं.

मुठीबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती अवघडलेलीच आहे. राग मात्र गेला.

सकाळी ४१ आणि ४२ दोन्ही काढून ठेवायचे. धाकट्याला चेहरे दाखवायचे नाहीत, हात तर नाहीतच. गोष्टीतल्या एल्फहेल्म या बेटावरची झाडं दाखवायची, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून, आधी फांद्या, मग पानं.