प्रागमधला जुना गार्नेट ब्रोच: खरेदी ते दुरुस्ती

जुना ब्रोच हातात आला की आधी उलटा करायचा, हे मी प्रागला राहायला आल्यावर शिकले. समोरची बाजू सगळ्यांचीच देखणी असते. जुन्या शहराच्या चौकाभोवतीच्या दुकानांच्या काचा लाल खड्यांच्या दागिन्यांनी भरलेल्या असतात आणि प्रत्येक ठिकाणी ‘अस्सल बोहेमियन गार्नेट’ अशी पाटी असते. बोहेमिया म्हणजे चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग आणि गार्नेट म्हणजे हा लाल खडा. मला नवा नको होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही फॅशन युरोपभर पसरली होती, त्या काळातला हवा होता. म्हणून पर्यटकांचे रस्ते सोडून मी गल्लीबोळातली जुन्या वस्तूंची दुकानं धुंडाळायला लागले.

जो घेतला तो ताऱ्याच्या आकाराचा. मधे एक मोठा खडा आणि भोवती तुरीच्या डाळीएवढ्या खड्यांची दाटी, इतकी की धातू दिसतच नाही. मागे साधा आकडा, सेफ्टी लॉक नाही, आणि पिनेचं टोक ब्रोचच्या कडेबाहेर आलेलं. हे जुनेपणाचं लक्षण. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागच्या पत्र्यावरचे चपटे ठिपके. खडे धरून ठेवणाऱ्या बारीक खिळ्या पत्र्यातून आरपार घालून मागून ठोकून बसवलेल्या होत्या. डाग देऊन नव्हे, रिव्हेट करून. खड्यांची दोन घरं रिकामी होती, त्यामुळे किंमत बरीच उतरली. दुकानदार म्हणाला, “चांदी आहे, वर सोन्याचं पाणी.” चांदीचा छाप मात्र कुठेच सापडेना.

इथल्या कायद्यानुसार तीन ग्रॅमवरच्या चांदीच्या दागिन्यावर सरकारी छाप लागतो. तो मारणारं कार्यालय म्हणजे पुंत्सोव्नी उर्झाद. शुल्क भरलं की तिथे धातू तपासूनही मिळतो. आपल्या सराफाच्या पेढीवर असते तसलीच काळी कसोटी तिथल्या बाईंनी काढली, आकड्याची कड हलकेच घासली, वर आम्लाचा थेंब सोडला आणि क्षणात निकाल दिला: टोंबाक. म्हणजे तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू, वर सोन्याचा मुलामा.

व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला होता, “किती तोळे?” शून्य तोळे म्हटल्यावर तिने “अगं, मग घेतलास कशाला?” म्हणून बाबांना फोनवर बोलावलं. तिचं चूक नाही. पण बोहेमियन गार्नेटच्या बाबतीत टोंबाक म्हणजे फसवणूक नव्हे. सोन्यातले दागिने श्रीमंतांसाठी होत, आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलींसाठी हेच नक्षीकाम टोंबाकमध्ये व्हायचं. खडे तेच, कारागीरही बहुधा तेच. मला राग आला तो चांदी सांगून चांदीचा भाव लावल्याचा. दुकानात जाऊन बोलले. थोडी घासाघीस झाली आणि काही रक्कम परत मिळाली.

खड्यांची तपासणी खरी रंजक. इथला गार्नेट म्हणजे पायरोप, क्रोमियममुळे रक्तासारखा लाल. तो वायव्य बोहेमियात पोदसेदित्सेच्या आसपास मातीत आणि वाळू-खड्यांत सापडतो. पृथ्वीच्या खोल पोटातला खडक ज्वालामुखीने वर आणला, तो झिजला आणि दाणे सुटे झाले. मोठा दाणा अगदी दुर्मीळ. दुसऱ्या रुडॉल्फ बादशहाचा वैद्य दि बूट याने 1609 मध्ये रत्नांवर ग्रंथ लिहिला, त्यात या खड्यांचा उल्लेख आहे. तेव्हाची इथली राणी मारिया थेरेसा हिने 1762 मध्ये कच्चे खडे देशाबाहेर न्यायलाच बंदी घातली, म्हणजे पैलू पाडण्याचं काम इथल्याच हातांना मिळावं. दाणे बारीक म्हणून असे दाटीवाटीचे दागिने. हा सगळा घाट हौसेपेक्षा नाइलाजातून आला असावा असं माझं मत.

मग मधला मोठा खडा कुठून आला? हीच शंका घेऊन मी रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. तिथे रामन नावाचं यंत्र आहे. आपल्या सी. व्ही. रामन यांच्या शोधावरच ते चालतं, हे मी तिथल्या तरुणाला जरा जास्तच अभिमानाने सांगितलं. खडा कोंदणातून न काढता त्यावर लेझर सोडायचा आणि परतून आलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखायचं. भोवतीचे खडे पायरोप निघाले. मधला अल्मांडाइन, म्हणजे गार्नेटच, पण किंचित जांभळट छटेचा. राजस्थानातल्या टोंकचा तामडा म्हणतात तो याच जातीचा. जुन्या बोहेमियन दागिन्यांत मधे असा खडा बसवण्याची पद्धत होतीच, कारण तेवढा मोठा पायरोप आणायचा कुठून?

आणि एक खडा काच होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो तरुण म्हणाला, “इथे बघा.” शेजारच्या खड्यांच्या पैलूंच्या कडा धारदार, याच्या बोथट झालेल्या, आणि आत एक गोल बुडबुडा. कुणीतरी फार पूर्वी गळलेल्या खड्याच्या जागी बसवला असणार. रत्नांसारखी दिसणारी काच बनवणं हा तुर्नोव गावचा अठराव्या शतकापासूनचा धंदा.

दुरुस्तीसाठी गेले तेही तुर्नोवलाच. प्रागहून ट्रेनने साधारण दोन तास. 1884 पासून तिथे खडे घासण्याची आणि दागिने घडवण्याची शाळा आहे. ग्रानात ही सहकारी संस्थाही तिथलीच, 1953 सालची. नव्या दागिन्यांसाठी लोक तिच्याकडे जातात. माझं काम जुन्याचं, म्हणून एका लहान कार्यशाळेत गेले.

तिथल्या आजींनी भिंगातून पाहून पहिल्यांदा काय करणार नाही ते सांगितलं. नवा मुलामा देणार नाही, आणि ज्योत लावणार नाही. उष्णतेने जुना मुलामा काळवंडतो आणि खडा तडकू शकतो. मागचा आकडा बदलून सेफ्टी लॉक लावून द्या म्हटलं, तर त्यालाही नकार. बदललेल्या आकड्याने दागिन्याचं वय लपतं आणि किंमतही पडते.

रिकाम्या घरांसाठी त्यांनी पत्र्याचा डबा काढला. मोडलेल्या ब्रोचमधून जमवलेले खडे. यंत्रावर घासलेला नवा खडा फार नेटका, तो या दाटीत लगेच उठून दिसतो. जुने हाताने घासलेले, चपट्या बुडाचे, पैलू थोडे वाकडेतिकडे. आजी चिमट्याने एकेक खडा घरात ठेवून, खिडकीकडे तोंड करून रंग जुळवत होत्या. कितीतरी बाजूला गेले तेव्हा दोन जुळले. मग केसाएवढी खिळी पत्र्यातून घालायची, पुढचं डोकं खड्याच्या कडेवर येऊ द्यायचं आणि मागचं टोक इवल्या हातोडीने चपटं करायचं. मी श्वास धरून बसले होते, त्या मात्र रेडिओवरच्या बातम्यांवर टीका करत ठोकत होत्या.

हात चालू असताना गप्पा उल्रिके फॉन लेवेत्सोवर गेल्या. 1823 मध्ये 19 वर्षांच्या या मुलीला सत्तरी ओलांडलेल्या जर्मन कवी गटेने मागणी घातली होती. लग्न झालं नाही. ती आयुष्यभर अविवाहित राहिली आणि 1899 मध्ये 95 व्या वर्षी गेली. तिचा गार्नेटचा संच संग्रहालयात जपलेला आहे. “कवीपेक्षा तिचे दागिने जास्त टिकाऊ,” असं आजींचं म्हणणं.

शेवटी त्यांनी विचारलं, काचेचा खडा काढू का? डब्यात त्याच्याही मापाचा पायरोप होता. मी म्हटलं, राहू दे. ती दुरुस्तीही आता शंभरेक वर्षांची असेल. त्यांनी मान डोलावली आणि पावतीवर धातू टोंबाक, मधला खडा अल्मांडाइन, बाकी पायरोप, त्यात दोन बदललेले आणि एक काच, असं सगळं लिहून दिलं. पाण्यात बुडवायचा नाही, मऊ कोरड्या ब्रशने झटकायचा. ब्रोच कधी विकलाच तर ही पावती सोबत द्यायची, असं त्यांनी बजावलं.