कुकरच्या शिट्टीवर नाचणारं मखर
रात्रीचे दोन वाजलेत, बोटाला सोल्डरिंगचा चटका बसलाय, पण मखर एकदाचं पेटलं!

यंदा गणपतीला विकतची माळ नको, गाण्यावर नाचणारे दिवे घरीच करायचे असं ठरवलं होतं. आर्डुइनो उनो (कोड टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), छोटा माइक आणि ६० एलईडींची पट्टी. कोड सोपा आहे: माइककडून ० ते १०२३ मधला आकडा येतो, शांततेत तो ५१२ च्या आसपास रेंगाळतो. ५० मिलिसेकंदांत तो किती वरखाली झाला ते मोजायचं आणि तेवढे दिवे लावायचे.

घोळ घातला तो विजेने. एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे ६० मिळून साडेतीन अँपिअरच्या वर. आणि मी शहाणा, सगळं लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवत होतो! शेवटचे दिवे काविळीसारखे पिवळे. मग ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय आणला, तर पट्टी अंगात आल्यासारखी लुकलुकायला लागली. तासभर कोड उपसला. शेवटी कळलं, सप्लायचा आणि आर्डुइनोचा ग्राउंड, म्हणजे वजा टोक, एकमेकांना जोडायचाच राहिला होता. एक वायर!

संध्याकाळी चाचणी म्हणून ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं, तर दिवे जेमतेम हलले; मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज येणार कुठून? तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि अख्खं मखर लखलखलं.

आई म्हणाली, "आरतीला कुकरच लावू का?"

उद्या टाळ वाजवून बघतो.